तीनचाकी घ्यावी की कडेवर घ्यावं?

नागपूर ते भंडारा अंतर साठेक किलोमीटरचं, पण तेवढ्यात बाबागाडीची परीक्षा बदलते. नागपूरच्या मॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर एका हाताने सरकणारी गाडी भंडाऱ्यात आली की सिमेंटचा रस्ता संपून मुरूम लागतो तिथे पुढची चाकं आडवी करून बसते. ढकलणारा वैतागतो, लेकरू रडायला लागतं, आणि आठवडाभरात ती गाडी माळ्यावर जाते किंवा तिच्यात धुतलेले कपडे ठेवले जातात.

म्हणून अलीकडे तरुण आईबापांची नजर तीनचाकीवर जाते. मागे सायकलसारखी दोन मोठी चाकं, पुढे एक. दिसायला ऐटदार, रस्त्याला दणकट आणि किमतीलाही तशीच. जिथे लेकरू आजवर कडेवर, खांद्यावर नाहीतर मोटरसायकलच्या टाकीवर बसून गावभर फिरलं, त्या भंडारा जिल्ह्यात ही गाडी घ्यावी का? या प्रश्नाच्या दोन बाजू इथे एका बहीण-भावाच्या तोंडी दिल्या आहेत. ताई लाखनी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका. भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरीनिमित्त पुण्यात राहून आता भंडारा शहरात बिऱ्हाड केलेला, दहा महिन्यांच्या मुलीचा बाप. दोघंही कल्पनेतली आहेत. मतं मात्र घरोघरी ऐकू येणारी आहेत.

भाऊ : ताई, हा फोटो बघ. मागची चाकं बारा इंची, हवेची. पुढचं चाक गोल फिरतं आणि खराब रस्ता आला की सरळ लॉक करता येतं. खाली स्प्रिंगा आहेत. खांद्यावरून दोन, कमरेला दोन आणि पायांच्या मधून एक असा पाच जागी बांधणारा पट्टा आहे.

ताई : वजन किती?

भाऊ : अकरा किलोच्या वर.

ताई : अन् पोट्टीचं?

भाऊ : साडेआठ.

ताई : म्हणजे साडेआठ किलोचं लेकरू जड होते म्हणून तू अकरा किलोचं लोखंड घरात आणून राहिला!

भाऊ : लोखंड नाही, अॅल्युमिनियम आहे. आणि ते उचलायचं नसतं, ढकलायचं असतं.

ताई : दुसऱ्या मजल्यावर राहतोस तू. लिफ्ट नाही. जिन्यावरून ढकलशील का? गाडी खाली नेणार, मग वर येऊन पोट्टीला नेणार. परत येताना तेच. तोवर मी तिला कडेवर घेऊन खांब तलावाला फेरी मारून येते.

भाऊ : जिन्याची अडचण खरी आहे. गाडी खाली पार्किंगमध्ये साखळी लावून ठेवावी लागेल. पण तू कडेवर घेऊन फेरी मारशील ती एक दिवस. रोज कोण मारणार? कडेवर घ्या म्हणणं सोपं आहे ताई, कंबर मात्र बायकांची जाते. बाळंतपणानंतर बायकोची पाठ अजून सावरलेली नाही. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं साडेआठ-दहा किलो कमरेवर वागवलं, याला आपण माया म्हणून मोकळे होतो.

ताई : बापाने कडेवर घ्यायला कोणी नाही म्हटलं होतं का?

भाऊ : कोणीच नाही. पण आपल्याकडे बापाच्या हातात हँडल आलं की तो तासभर फिरतो. कडेवर दिलं की दहा मिनिटांत, 'घे वं, रडून राहिली,' म्हणून परत करतो. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, पण असंच आहे.

ताई : हे मात्र खरं बोललास. बरं, गाडी घे. पण तीनच चाकांची काऊन? चार चाकांची हलकी मिळते. किंमतही निम्मी. घडी केली की छत्रीसारखी काखेत.

भाऊ : ती छत्रीसारखी गाडी एका विमानवाल्याने काढली. ओवेन मॅक्लारेन. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला माणूस. त्याने १९६५ मध्ये घडीच्या बाबागाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची पहिली गाडी तीन किलोच्या आसपास होती. बस, रेल्वे, विमान अशा प्रवासाला तिच्यासारखी सोय नाही. पण तिची चाकं वाटीएवढी. आपल्याकडचा रस्ता त्या चाकांना झेपत नाही.

ताई : लहान चाकाने असं काय बिघडते?

भाऊ : सरळ ढकलत नेलं तर चाक आपल्या अर्ध्या उंचीएवढा अडथळासुद्धा चढू शकत नाही. पंधरा सेंटिमीटरचं चाक असेल तर साडेसात सेंटिमीटरच्या दगडापुढे ते ठार अडतं. त्याच्या निम्म्या दगडालाही चांगला जोर लावावा लागतो आणि तो सगळा झटका लेकराच्या मानेला बसतो. बारा इंची चाक म्हणजे तीस सेंटिमीटर. तो निम्मा दगड ते बऱ्याच कमी जोरात ओलांडतं. त्यात हवेचा टायर असेल तर बारीक खडीचा खडखडाट तिथेच जिरतो. आपल्या घरापासून गांधी चौकापर्यंत जा. गटारावरची फरशी, नळासाठी खोदून बुजवलेली चारी, स्पीडब्रेकर, मग मुरूम. छोट्या चाकांची गाडी तिथे दहा वेळा उचलावी लागते.

ताई : चाकं मोठी पाहिजेत हे पटलं. चारही मोठी बसव ना मग.

भाऊ : मग गाडी वळायची नाही आणि वजन आणखी वाढेल. पुढे एकच चाक असलं की ती जागच्या जागी वळते. हँडल जरा खाली दाबलं की पुढचं चाक उचललं जातं आणि पायरी चढते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत याकिमा गावच्या फिल बेक्लर नावाच्या पत्रकाराला बाळाला घेऊन पळायला जायचं होतं. त्याने साध्या बाबागाडीला सायकलची चाकं जोडली. पळण्यासाठीची तीनचाकी तिथून आली.

ताई : तू केव्हा पळायला लागला?

भाऊ : पळत नाही. चालतो.

ताई : तेही डॉक्टरने सांगितलं म्हणून. म्हणजे पळणाऱ्या माणसासाठी काढलेली गाडी तू चालायला घेऊन राहिला. अन् पोट्टीला त्यात बसवून पळणार असशील तर मला आधी सांग.

भाऊ : पळायचं तर बहुतेक कंपन्या स्वतःच सांगतात की बाळ निदान सहा महिन्यांचं हवं. काही आठ-नऊ म्हणतात. मान पक्की धरली पाहिजे, आधाराशिवाय बसता आलं पाहिजे. अगदी तान्ह्या बाळाला तर पाठ पूर्ण सपाट होणारी गाडीच लागते. बसत्या गाडीत त्याची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अडू शकते. आपली आता दहा महिन्यांची आहे. आणि मी चालणारच आहे.

ताई : आता माझं ऐक. तीनचाकी ऑटो का उलटतो ते तुला मी सांगायला पाहिजे का? तू तर इंजिनिअर.

भाऊ : सांगतो. तीन चाकांचे जमिनीवरचे तीन बिंदू जोडले की त्रिकोण होतो. वजनाचा मध्य त्रिकोणाच्या आत आहे तोवर गाडी उभी. मागे त्रिकोण रुंद आहे, पुढे चिंचोळा. म्हणून लेकरू पुढे वाकून एका बाजूला झुकलं किंवा पुढचं चाक तिरकं फुटपाथच्या कडेला चढलं की गाडी कलंडते. चार चाकांना पुढेही रुंदी असते.

ताई : हे दुकानदार सांगते का?

भाऊ : नाही सांगत. म्हणून पट्टा नेहमी बांधायचा, फुटपाथच्या कडेवर गाडी सरळ चढवायची, तिरकी नाही, आणि भाजीची पिशवी हँडलला लटकवायची नाही. पिशवीने तर चार चाकांचीही गाडी मागे उलटते. लेकराला उचललं की पुढचं वजन गेलं आणि पिशवीसकट गाडी आडवी. सामान खालच्या जाळीत ठेवायचं. तिथे वजन जमिनीजवळ असतं.

ताई : मोठ्या बाजारातून भाजी आणणारी बाई पिशवी हँडललाच लटकवणार. तू पाटी लावली तरी लटकवणार. म्हणजे गाडी कशी वापरायची तेवढं बघून भागत नाही. ती कशी वापरली जाईल तेही धरून चाल.

भाऊ : मान्य.

ताई : आता मला सांग, पोट्टीचं तोंड कोणीकडे राहते? तुझ्याकडे की रस्त्याकडे?

भाऊ : बहुतेक तीनचाकींत रस्त्याकडे.

ताई : कडेवरच्या लेकराचं तोंड माझ्या तोंडाजवळ असते. ते कावळा बघते, मी काव काव म्हणते. ते बैल बघते, मी नाव सांगते. अंगणवाडीत येणारी जी लेकरं लवकर बोलतात ना, त्यांच्या घरी कोणीतरी दिवसभर बडबडत असते. तू तिला पुढे तोंड करून ढकलणार अन् मागून मोबाइल बघणार.

भाऊ : यात तुझ्या बाजूने पुरावासुद्धा आहे. ब्रिटनच्या डंडी विद्यापीठातल्या सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये रस्त्यावरच्या अडीच हजारांहून जास्त आईबाप-लेकरांची पाहणी केली. समोरासमोर तोंड असलेल्या गाड्यांत आईबाप दुपटीने बोलत होते. पण दहा महिन्यांनंतर लेकराला जगही बघायचं असतं. आणि मागून बोलायला कोणी बंदी केलेली नाही.

ताई : बंदी नाही, पण होत नाही. अजून एक सांगते. गाडीत लेकराचं नाक कुठे असते? माझ्या गुडघ्याच्या वर, मांडीएवढं. तिथेच मोटारीचा धूर सुटते. आपल्या गावाजवळून महामार्ग क्रमांक ५३ गेला. पुढे लाखनी, साकोली, सारे त्याच रस्त्यावर. ट्रकचा धूर अन् धूळ आधी कोणाच्या नाकात जाईल?

भाऊ : हेही मोजलेलं आहे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या सरे विद्यापीठातून प्रशांत कुमार यांच्या गटाने दाखवलं की बाबागाडीतल्या बाळाच्या वाट्याला मोठ्या माणसापेक्षा साठ टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण येऊ शकतं. रस्त्यापासून पहिल्या एका मीटरच्या थरात धूर सगळ्यात दाट. म्हणून महामार्गाला लागून गाडी न्यायचीच नाही. आतल्या गल्लीने जायचं. सिग्नलला थांबायचं तर मोटारीच्या सायलेन्सरपासून मागे सरून.

ताई : अन् उन्हाचं काय? मे महिन्यात इथे ४५ अंश. लोक काय करतात, गाडीवर दुपट्टा टाकतात, लेकराला ऊन लागू नये म्हणून.

भाऊ : ते सगळ्यात वाईट. स्वीडनमध्ये २०१४ मध्ये एका वर्तमानपत्राने मोजून पाहिलं. बाहेर नुसती ठेवली तेव्हा गाडीत २२ अंश होते. पातळ पांघरूण टाकल्यावर अर्ध्या तासात ३४, तासाभरात ३७. हवा कोंडते. सावली करायची तर छत्री लाव, गाडीचा टप ओढ, पण समोर हवा खेळती ठेव.

ताई : कोरडं कापड टाकलं असेल. आपल्याकडे माठाला ओलं फडकं गुंडाळतात ते काही उगाच नाही.

भाऊ : तेच २०२३ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. कोरड्या कापडाने गाडीतली उष्णता वाढली. ओलं पातळ कापड आणि सोबत छोटा पंखा असला की जवळपास पाच अंशांनी उतरली. कापड वाळलं की परत ओलं करावं लागतं. तरीही आपल्या मे महिन्यात दुपारी लेकराला बाहेर काढायचं कारणच काय? सकाळी सातच्या आत किंवा दिवस बुडाल्यावर.

ताई : म्हणजे उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने सकाळ-संध्याकाळचा अर्धा तास. पावसाळ्याचे चार महिने चिखल. रोवणीच्या दिवसांत आमच्या गावच्या पांदणीत ट्रॅक्टर फसते, तिथे तुझी गाडी! उरला हिवाळा. किती किमतीला किती दिवस, हा हिशोब केला का?

भाऊ : पांदणीचं म्हणशील तर तिथे तीनचाकी चारचाकीपेक्षाही वाईट. बैलबंडीच्या अन् ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात, मध्ये गवताचा उंचवटा. चारचाकीची चाकं कशीबशी चाकोऱ्यांतून जातील. तीनचाकीचं पुढचं चाक नेमकं उंचवट्यावर येतं. ती गाडी पांदणीसाठी नाहीच. पण शहरातल्या मुरमाच्या रस्त्याला, तलावाच्या फेरीला, लग्नाच्या लॉनवर ती चालते. आणि हिशोबच करायचा तर दुसरं लेकरू, मग तुझी नातवंडं. चांगली गाडी दहा वर्षं खिळखिळी होत नाही.

ताई : टायर पंक्चर झाला तर?

भाऊ : हे बरं विचारलंस. बहुतेकांच्या ट्यूबला मोटरसायकलसारखाच व्हॉल्व्ह असतो, म्हणून सायकलचा साधा पंप जुळत नाही. पण कुठल्याही मोटरसायकल पंक्चरवाल्याकडे हवा भरून मिळते. फक्त त्याला सांभाळायला सांगावं लागतं. टायरवर किती हवा ते छापलेलं असतं. त्याने कॉम्प्रेसर लावून सवयीने दाबली तर ती छोटी ट्यूब फुटते. तीच अडचण नको म्हणून फोमची चाकं येतात. ती पंक्चर होत नाहीत, पण झटके तेवढे खात नाहीत. आणि एक फसवणूकही आहे. दिसायला तीनचाकी, पण चाकं कडक प्लास्टिकची आणि पुढचं चाक मुठीएवढं. त्यात तीनचाकीचा तोटा सगळा येतो, फायदा एकही नाही.

ताई : एवढं माहीत असून तू बाकीचं विसरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की पाच वर्षांखालच्या लेकराला एका वेळी तासाभराहून जास्त बांधून ठेवू नये. त्यात बाबागाडीचं नाव घेऊन सांगितलं.

भाऊ : त्याच वाक्यात पाठीशी बांधून ठेवण्याचंही नाव आहे, ताई.

ताई : आहे. मी कुठे नाही म्हणते? लेकराला जमिनीवर सोडायला पाहिजे, इतकंच माझं म्हणणं. दहावा महिना म्हणजे धरून उभं राहायचे दिवस. चालायचं वय आरोग्य संघटनेच्याच अभ्यासात आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. कोणी लवकर चालते, कोणी उशिरा. घाई करायची नाही, पण वाट अडवायचीही नाही. तीन चाकंच पाहिजेत ना तुला? सुताराकडून पांगुळगाडा करून घे. ज्याच्याकडे तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी मिळतात, तोच करून देते. मागे दोन चाकं, पुढे एक. लेकरू स्वतः उभं राहून ढकलते. त्याची गाडी त्याच्या हातात.

भाऊ : पांगुळगाडा मला मान्य. वॉकर नको. तो गोल, मध्ये लेकरू अडकवलेला.

ताई : तो तर नकोच. गावात कोणी घेतला की मी घरी जाऊन सांगते. जिन्याकडे, चुलीकडे, पाण्याच्या बादलीकडे लेकरू क्षणात पोचते, अन् चालणंही उशिरा येते.

भाऊ : कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तीच मागणी करत आली आहे. आपल्या बाजारात मात्र सर्रास मिळतो. पण पांगुळगाडा अंगणात. तलावावर तो नेता येत नाही.

ताई : तलावाचंच बोलायचं होतं मला. आपला तलावांचा जिल्हा. जुने मालगुजारी तलाव गावोगाव. पाळीवर फिरायला जाणार तू, अन् पाळीला उतार. हँडल सोडून मोबाइल उचलला की गाडी कुठे जाईल?

भाऊ : यावर हसू नकोस, पण त्यासाठी मनगटाची दोरी येते. एक टोक हँडलला, दुसरं माझ्या मनगटात. मोठ्या चाकांची गाडी छान घरंगळते, हीच तिची खोड. उभं राहिलं की पायाचा ब्रेक दाबायचा आणि गाडी उताराला आडवी ठेवायची, पाण्याकडे तोंड करून कधीच नाही. दुकानात गाडी बघताना मी हँडल धरून ब्रेक लावणार आणि जोरात ढकलून पाहणार. चाक फिरलं तर गाडी परत.

ताई : अन् एसटीत?

भाऊ : एसटीत ही गाडी नाही. बाईला अर्ध्या तिकिटात बस मिळायला लागल्यापासून बसमध्ये उभं राहायला जागा नसते. अकरा किलोचं घडी केलेलं धूड कुठे ठेवणार? लाखनीला तुझ्याकडे यायचं तर तिला कापडी झोळीत, पुढे छातीशी. गुडघे कमरेच्या वर, पाय फाकलेले राहतील अशी झोळी. नितंबाच्या सांध्याला तसंच बरं असतं.

ताई : अरे, म्हणजे कडेवर बसते तसंच! आजीच्या आजीला हे सांगायला कोणी डॉक्टर लागला नव्हता.

भाऊ : मोटरसायकलवर टाकीपुढे बसवणं मात्र आजीच्या आजीच्या काळात नव्हतं. त्याला तरी तू विरोध करशील की नाही? नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला दुचाकीवर हेल्मेट, चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि वेग ४० किलोमीटरच्या आत, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये निघाला, २०२३ पासून लागू झाला. भंडाऱ्यात असा पट्टा बांधलेलं एक लेकरू मला दाखव.

ताई : नाही दाखवू शकत. तिथे मी तुझ्यासोबत आहे. उद्या बाजाराला तिला मोटरसायकलवर नेण्याऐवजी तू गाडीत बसवून चालत नेत असशील, तर मी त्या गाडीला ओवाळते.

भाऊ : म्हणजे घेऊ?

ताई : थांब बापा. ढकलणार कोण, ते ठरलं का? दिवसा तू ऑफिसात. तुझी बायको कामावर जायला लागली की ढकलणार आई. आई पाच फुटांची. तुझं हँडल तुझ्या उंचीचं. तिचे हात खांद्याएवढे वर राहतील, पाठ भरून येईल. तिला घेऊन जा दुकानात. तिला ढकलू दे, घडी करू दे, पट्टा सोडवू दे. बोटात वात असलेल्या बाईला ते बटण दाबता आलं तर घे. नाही आलं तर ती गाडी तुझी रविवारची हौस म्हणून घे, रोजची सोय म्हणून नको.

भाऊ : हँडल खालीवर होणारी गाडी मिळते. आईला नागपूरला नेतो. पण एक कबूल कर. मोठ्या चाकांची गाडी घेतली तर रस्ता कमी सतावेल.

ताई : ते केव्हाच कबूल केलं. तूही कबूल कर की गाडी आली म्हणून पोट्टी माझ्या कडेवरून उतरणार नाही.

भाऊ : तुझ्या कडेवरून तिला उतरवायची हिंमत कोणात आहे?

दोघांच्या बोलण्यात कोणी हरलं नाही, पण प्रश्न नीट मांडला गेला. दुकानात आपण रंग, टप, कप ठेवायची जागा पाहतो. खरी पाहायची असते ती आपली रोजची वाट आणि ती गाडी रोज धरणारे हात. भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीसारख्या गावांत ज्यांच्या घराला तळमजल्यावर गाडी ठेवायला जागा आहे, ज्यांची रोज चालायची एक ठरलेली वाट आहे आणि जे आठवड्याला टायरची हवा नि ब्रेक तपासतील, त्यांनी हवेच्या मोठ्या चाकांची, पुढचं चाक लॉक होणारी तीनचाकी खुशाल घ्यावी. बाळ आधाराशिवाय बसायला लागल्यावरच ती वापरावी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, एसटी-रेल्वेने फिरणाऱ्या घराला हलकी घडीची चारचाकी आणि कापडी झोळी पुरते. खेड्यात राहणाऱ्या कुटुंबाने ते पैसे अंगणातला पांगुळगाडा आणि दुचाकीवरचा लेकराचा पट्टा यांवर खर्च करावेत. दुसऱ्याची वापरलेली गाडी घेतली तरी हरकत नाही, फक्त पट्ट्याचे लॉक, ब्रेक आणि घडीचा खटका घट्ट लागतो ना, ते पाहावं.

आणि एक काम गाडी घेणाऱ्या-न घेणाऱ्या सगळ्यांचं आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. सार्वजनिक जागी चढायला उतार हवा, तो बारा फुटांना एक फुटापेक्षा तीव्र नको, हे मानक ठरलेलं आहे. व्हीलचेअर जिथे चढते तिथे बाबागाडीही चढते आणि काठी टेकत येणारी आजीही. बसस्थानकावर, दवाखान्यात, तलावाच्या फुटपाथवर तो उतार मागायला दिव्यांगांना एकटं सोडू नका. नगरपरिषदेकडे अर्ज द्यायला लेकराला घेऊन जा, कडेवर किंवा गाडीत.